सोळा सेकंदांचं गिऱ्हाईक : टूर द फ्रान्सच्या रस्त्याकडेला शिकायचे चार धडे

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता, "मॅडम, जाहिरातीवर पैसे घालतोय, पण गिऱ्हाईक येत नाही. चुकतंय कुठे?" उत्तर द्यायला आज तुम्हाला जरा लांब घेऊन जाते, थेट फ्रान्सला.

जुलै महिना. आई, वडील, दोन मुलं, असं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. सकाळीच डबा, पाणी, घडीच्या खुर्च्या घेऊन ते रस्त्याच्या कडेला येऊन बसलेत. टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत आज त्यांच्या गावावरून जाणार आहे. तिकीट नाही. रस्ता काही तास आधीच बंद होतो, म्हणून लवकर यायचं आणि वाट बघायची.

आता हिशोब करू. सपाट रस्त्यावर सायकलपटू ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास जातात, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. सगळा घोळका एकत्र असेल आणि त्याची लांबी २०० मीटर धरली, तर तो तुमच्यासमोरून जायला किती वेळ लागेल? १६ सेकंद! चार-पाच तास थांबायचं आणि १६ सेकंद बघायचं. तरीही लोक दरवर्षी येतात. का येतात, यातच आपला धंद्याचा अभ्यास आहे.

धडा १ : वस्तू विकू नका, घ्यायचं कारण द्या

ही शर्यत १९०३ साली सुरू झाली ती एका वर्तमानपत्राचा खप वाढवायला. 'लोतो' हे क्रीडा दैनिक तेव्हा 'ल व्हेलो' या प्रतिस्पर्ध्यापुढे मागे पडत होतं. संपादक होते आंरी देग्रांज. ऑफिसमधल्या तरुण पत्रकारानं, जेओ लफेव्हरनं, कल्पना मांडली की अख्ख्या फ्रान्सला फेरी मारणारी शर्यत घेऊ. आज कोण पुढे, काल कोण पडलं, हे कळायला लोकांना पेपर घ्यावाच लागला. खप वाढला आणि पुढच्याच वर्षी 'ल व्हेलो' बंद पडलं. 'लोतो' पिवळ्या कागदावर छापलं जायचं, आणि १९१९ पासून आघाडीवरच्या सायकलपटूला पिवळी जर्सी मिळू लागली.

"आमचा पेपर घ्या हो" असं ओरडून हे झालं नसतं. तुमच्या दुकानात आज यायचं कारण काय? "माल चांगला आहे" हे कारण नाही, ते सगळेच म्हणतात.

धडा २ : गिऱ्हाईक थांबलेलं असतं तिथे जा

१९३० साली देग्रांज यांनी सायकल कंपन्यांचे संघ बंद करून देशांचे संघ आणले. त्यामुळे राहणं, खाणं, अगदी सायकलीसुद्धा, सगळा खर्च आयोजकांच्या डोक्यावर आला. पैसे कुठून आणायचे? त्यांनी रस्त्याकडेला बघितलं. तिथे हजारो माणसं तासन् तास रिकामी बसलेली! मग कंपन्यांना सांगितलं, पैसे भरा आणि शर्यतीच्या पुढे तुमच्या गाड्या न्या. हाच तो जाहिरातीचा काफिला. मेनिए ही चॉकलेट कंपनी अगदी सुरुवातीच्या गाड्यांमध्ये होती.

आजही सायकली यायच्या साधारण दोन तास आधी हा काफिला येतो. सुमारे १० किलोमीटर लांब! गाणी लावलेल्या, सजवलेल्या गाड्या आणि त्यावरून टोप्या, खाऊ, किचेन यांचा वर्षाव. आपल्या कुटुंबातली पोरं खरी खूश होतात ती इथे.

बघा, कंपन्यांनी ते १६ सेकंद विकत घेतले नाहीत, त्यांनी वाट बघण्याचा वेळ घेतला.

आता माझी चूक सांगते. स्टेशनरीचं दुकान टाकलं तेव्हा मी ६,००० रुपयांची पत्रकं छापली आणि सिग्नलला वाटली. "पत्रक आणा, १० टक्के सूट मिळवा" असं त्यावर होतं. पत्रक घेऊन आले नऊ जण. म्हणजे एका माणसामागे साधारण ६६७ रुपये खर्च, आणि बिल २०० च्या आतलं! त्या महिन्याचं भाडं द्यायला सासऱ्यांकडे हात पसरावा लागला. ते काही बोलले नाहीत, पण मला मात्र रात्रभर झोप नव्हती.

सिग्नलला माणूस थांबतो खरा, पण त्याचं लक्ष दिव्याकडे आणि हात हँडलवर असतो. पुढे मी शाळा सुटायच्या वेळी गेटवर गेले. पालक तिथे १५-२० मिनिटं नुसते उभे असतात.

धडा ३ : लगेच वापरता येईल अशी वस्तू द्या

काफिल्यात कोशोनू या सॉसेजच्या ब्रँडची लाल-पांढऱ्या चौकडीची टोपी फार प्रसिद्ध झाली. जुलैचं ऊन, डोकं तापलेलं, टोपी मिळाली की लगेच डोक्यावर! मग दोन तासांनी टीव्हीवर शर्यत दिसायची तेव्हा कडेला त्याच टोप्या दिसायच्या. फुकट घेणाराच जाहिरात करतो.

मी गेटवर पत्रक नाही, शाळेच्या वेळापत्रकाचं जाड कार्ड दिलं, खाली दुकानाचं नाव. ५०० कार्डं, २,००० रुपये. सूट तीच, कार्ड दाखवलं की १० टक्के. पहिल्या महिन्यात ४० जण आले. माणशी ५० रुपये. आणि ते कार्ड वर्षभर अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटलेलं राहिलं.

धडा ४ : कॅमेऱ्याकडे तोंड, रस्त्याकडे पाठ, असं करू नका

२६ जून २०२१. ब्रिटनी भागात पहिल्याच टप्प्यात एक प्रेक्षक बाई आजी-आजोबांसाठीचा पुठ्ठ्याचा फलक घेऊन रस्त्यावर थोडी पुढे आली. लक्ष टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे, पाठ येणाऱ्या सायकलींकडे. टोनी मार्टिन फलकाला धडकून पडला आणि त्याच्यामागे डझनावारी सायकलपटू. बाईंना पुढे कोर्टात दंड झाला.

हेतू वाईट नव्हता, नजर चुकीच्या दिशेला होती. आपल्यातले कितीतरी जण काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना रील शूट करत असतात. मीही केलंय. लाइक मोजता मोजता समोरचा माणूस निघून जातो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचं गिऱ्हाईक दिवसात कुठे १० मिनिटांपेक्षा जास्त थांबतं? दवाखाना, पिठाची गिरणी, एसटी स्टँड, क्लासचा जिना? अशा तीन जागा लिहा.

२. तिथे उभं असताना त्याला काय लागतं? १० रुपयांच्या आत काय देता येईल?

३. आधी फक्त ५० नग करा. जागामालकाची परवानगी घ्या. वस्तूवर खूण ठेवा, म्हणजे किती जण आले ते मोजता येईल.

४. एकूण खर्चाला आलेल्या माणसांच्या संख्येनं भागा. तो आकडा एका बिलातल्या नफ्यापेक्षा जास्त आला, आणि माणसं परत येत नसतील, तर थांबा. उधारी काढून जाहिरात वाढवू नका.

शर्यत १६ सेकंदांत निघून जाते. टोपी घरी येते. तुमच्या धंद्याची 'टोपी' कोणती, ते कमेंटमध्ये लिहा. हिशोबासकट लिहिलंत तर पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.