आधी घडी, मग लेसर

जे. पी. नगर,
बंगळुरू

चि. मनूस मामाचे अनेक आशीर्वाद.

डिप्लोमाचा निकाल लागला आणि पाठोपाठ बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याच्या कामाची नोकरीही लागली, हे वाचून घरात सगळ्यांना फार आनंद झाला. मामीने देवापुढे साखर ठेवली. तू पत्रात जो प्रश्न विचारलास, त्यावर नीट विचार करून आज लिहायला बसलोय. मालकांनी तुझ्यापुढे दोन वाटा ठेवल्यात. एक, लगेच पत्रा कापणाऱ्या लेसरच्या केबिनमध्ये प्रोग्रॅमिंगला बसायचं. दुसरी, पहिले सहा महिने बेंडिंग, वेल्डिंग आणि फिटिंगला काढायचे आणि मग लेसरला जायचं. तुझा कल पहिलीकडे आहे. केबिनला एसी आहे, समोर कॉम्प्युटर आहे, बरोबरची मुलंही तिकडेच चाललीत. माझं मत स्पष्ट आहे: तू दुसरी वाट धर. मामा म्हणतो म्हणून धरू नकोस, माझी कारणं वाच आणि मग ठरव.

लेसर पत्रा कापतो असं आपण सगळे म्हणतो. प्रत्यक्षात प्रकाश धातू वितळवतो आणि नोझलमधून येणारा वायू तो वितळलेला धातू खाली उडवून लावतो. ही जोडी जमायला काही वर्षं गेली. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेसर चालवून दाखवला. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर शोधला. हे पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, हे तुझ्या वर्गातल्या कितीजणांना ठाऊक असेल? पोलादी पत्रा मात्र खऱ्या अर्थाने कापला गेला १९६७ मध्ये. इंग्लंडच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी किरणाबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडला आणि एक मिलिमीटर जाडीचं पोलाद कापून दाखवलं. आज तुझ्यासमोर जे मशीन असेल ते बहुधा फायबर लेसरचं. त्याची तरंगलांबी १.०७ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे पटेलांच्या १०.६ मायक्रॉनच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणूनच जे अॅल्युमिनियम, पितळ आणि तांबं जुन्या मशीनचा किरण परतवून लावायचं, ते आता सहज कापता येतं. मशीन बदललं, तरी किरण आणि वायू यांची जोडी तीच राहिली.

आता या वायूपाशी थोडी थांब, कारण माझं पहिलं कारण तिथेच आहे. एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, पत्रा ऑक्सिजनने कापला की लोखंड स्वतःच जळून जास्तीची उष्णता देतं, त्यामुळे जाड पत्राही कमी ताकदीत निघतो. पण कडेवर ऑक्साइडचा पातळ थर राहतो. केबिनमधून पाहिलं तर जॉब उत्तम दिसतो. तो पावडर कोटिंगला जातो, भट्टीतून चकचकीत होऊन बाहेर येतो, गिऱ्हाईक घेऊन जातं. मग बेळगावच्या पावसात काही दिवस राहिला की कडेचा रंग त्या थरासकट सुटतो आणि गंज तिथूनच आत शिरतो. कोटिंगआधी कड घासून घ्यायला हवी होती, नाहीतर नायट्रोजनने कापायला हवं होतं. नायट्रोजनला दाब जास्त लागतो, खर्चही वाढतो, पण कड स्वच्छ राहते. एसएसला, म्हणजे स्टेनलेस स्टीलला, तो वापरतात तो त्यासाठीच. कोणता वायू लावायचा हे लेसरच्या स्क्रीनवर ठरतं, पण त्याचं उत्तर कोटिंगच्या शेडमध्ये मिळतं. ज्याने ती शेड पाहिली नाही, तो दरवेळी स्वस्त उत्तर निवडेल.

दुसरं कारण घडीचं. समज, २ मिलिमीटरच्या पत्र्याचा एक चॅनेल करायचाय: तळ बाहेरून १०० मिलिमीटर, दोन्ही पाय ५०. बेरीज २०० होते म्हणून २०० लांबीची पट्टी कापलीस, तर चॅनेल मोठा होईल. घडी पडताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि काटकोनाच्या दर घडीला साधारण साडेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. आतली त्रिज्या २ मिलिमीटर धरली तर पट्टी १९३ च्या जवळपास हवी. सॉफ्टवेअर हा आकडा क्षणात देईल. पण तो आकडा आपल्या प्रेस ब्रेकवर (घडी घालायच्या मशीनवर), आपल्या डायवर, आपल्याकडे आलेल्या पत्र्यावर खरा उतरतो का, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? ज्याने तुकडा वाकवून कॅलिपरने मोजलाय, तोच सांगू शकतो. तसंच भोकांचं. घडीच्या फार जवळ भोक पाडलंस तर वाकवताना ते लांबट होतं आणि त्यात बोल्ट जात नाही. घडीपासून भोकाच्या कडेपर्यंत जाडीच्या अडीच पट अधिक घडीची त्रिज्या, एवढं अंतर सोडायचं. हा नियम पुस्तकात वाचून विसरशील. बेंडिंगवाल्याच्या हातात तो लांबट झालेला जॉब एकदा पाहिलास की विसरणार नाहीस.

तिसरं कारण नेस्टिंगचं. १२५० बाय २५०० चा २ मिलिमीटरचा एक पत्रा सुमारे ४९ किलो भरतो. त्यात जॉब दाटीवाटीने बसवून स्क्रॅप कमी करायचं, हे तुझं रोजचं काम असेल आणि तुझं कौतुकही त्यावरच होईल. जागा वाचावी म्हणून प्रोग्रॅम एखादा जॉब आडवा, दुसरा उभा बसवेल. पत्र्याला मात्र रोलिंगची दिशा असते. घडीची रेघ त्या दिशेला समांतर आली तर कडक अॅल्युमिनियमसारखा पत्रा वाकवताना तडकतो. आणि ब्रश फिनिशच्या एसएसचे दोन पॅनेल एकाच काउंटरवर शेजारी बसले आणि एकाच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या दिसल्या, तर गिऱ्हाईक दोन्ही परत पाठवतं. वाचवलेला पत्रा गेलाच, वर मजुरी गेली. कोणता जॉब फिरवायचा आणि कोणता नाही, हे फिटिंगच्या टेबलावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

चांगला शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी शिवण कुठे येणार ते जाणतो. म्हणून दुकानात कापड बेतायला सर्वांत जाणता माणूस बसतो. पत्र्याच्या कामात आपण उलटं करू लागलोय. सगळ्यात नवं पोर सगळ्यात महाग मशीनवर बसवतो, कारण त्याला कॉम्प्युटर येतो. तू या रांगेत उभी राहू नकोस.

सहा महिन्यांनी केबिनमध्ये जाशील तेव्हा कापलेली कड वाचायला शीक. कडेवर बारीक रेघा असतात. त्या मागे झुकल्या असतील तर वेग जास्त आहे. एका बाजूला बर, म्हणजे खरखरीत कोर, आणि दुसरी बाजू साफ असेल तर नोझल किरणाच्या मध्यावर नाही. खाली घट्ट चिकटलेला मळ दिसला तर फोकस, वायूचा दाब आणि वेग एकेक करून तपास. तिन्ही एकदम बदललेस तर काही कळणार नाही. प्रोटेक्शन ग्लासवर डाग पडला असेल तर बाकीचं सगळं बरोबर असूनही कट बिघडतो, म्हणून रोज सकाळी ती पाहा.

एका बाबतीत मात्र कधीही सूट घेऊ नकोस. फायबरचा किरण डोळ्याला दिसत नाही, पण बुबुळातून थेट पडद्यापर्यंत पोचतो, आणि तिथली इजा भरून येत नाही. दाराचा इंटरलॉक काढून कट बघ असं कुणी म्हटलं, मग तो कितीही वडीलधारा असो, नाही म्हण. ऑक्सिजनच्या जोडणीला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लावू नकोस. बंद खोलीत नायट्रोजन साचला तर श्वास कोंडतो, वास काहीच येत नाही. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, धूर ओढून घेणारा पंखा चालू आहे ना, ते पाहा. पीव्हीसी लेसरखाली जाऊ देऊ नकोस. त्यातून निघणारा आम्लाचा वायू छातीलाही खातो आणि मशीनलाही.

इथे सारक्की इंडस्ट्रियल लेआउटमधल्या आमच्या शेडमध्ये बेंडिंगला कन्नड बोलणारे आहेत, वेल्डिंगला हिंदी, कोटिंगला तमिळ. ज्यांना कामाबद्दल खरं विचारता येतं, त्यांना खरं शिकायला मिळतं. तुला कन्नड आणि हिंदी दोन्ही येतात, ही तुझी मोठी शिदोरी आहे. बेंडिंगचा माणूस मशीन थांबवून ड्रॉइंगकडे बघत डोकं खाजवत असेल, तर त्याच्याजवळ जा आणि काय अडलं ते विचार. त्याची अडचण म्हणजे तुझ्या पुढच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती.

जानेवारीत इमटेक्स हे मशीनांचं प्रदर्शन इथे भरेल तेव्हा रजा काढून ये. आमच्या स्टेशनवरून हिरव्या मार्गाची मेट्रो पीण्यावरून थेट प्रदर्शनाच्या जागेपर्यंत जाते. नवी मशीनं पाहू, आणि तोवर तुझ्याजवळ मशीनवाल्यांना विचारण्याजोगे प्रश्न असतील.

तेव्हा मालकांना सांग, आधी बेंडिंगला जाते. पगारात थोडा फरक पडला तरी कुरकुर करू नकोस. हे सहा महिने पुढची तीस वर्षं तुझ्या उपयोगी पडतील. त्यांनीच ही वाट पुढे ठेवली याचा अर्थ ते जाणते आहेत, त्यांच्या हाताखाली मन लावून शीक. ताईला आणि भावजींना नमस्कार सांग. पहिल्या घडीचं माप किती चुकलं आणि का, ते मला सविस्तर कळव.

तुझा,
मामा