अर्धांगवायूनंतरची वाटचाल : भौतिकोपचार आणि दीर्घ पल्ल्याचे आरोग्य

अर्धांगवायूच्या झटक्यातून वाचलेला रुग्ण रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा संकट टळल्याचे समाधान साऱ्या घराला वाटते. ओसरीत त्याची खाट मांडली जाते. घास भरवला जातो, पाण्याचा पेला ओठांशी धरला जातो. ही सेवा मायेपोटीच होते. परंतु जे काम रुग्णाला थोड्या कष्टाने स्वतः करता आले असते, तेही त्याच्या हातून काढून घेतले जाते. काही महिन्यांत बोटे आखडतात, घोटा ताठरतो आणि रोगाने दिलेल्या अपंगत्वात अंथरुणाने दिलेल्या अपंगत्वाची भर पडते. ही भर टाळण्याचे आणि गमावलेली हालचाल शक्य तितकी परत मिळविण्याचे शास्त्र म्हणजे भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी.

मेंदूचे पुनर्शिक्षण

अर्धांगवायूत हातपाय लुळे पडले, तरी मूळ दोष त्यांच्यात नसतो. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते आणि हालचालींचे नियमन करणाऱ्या भागाला इजा होते. म्हणूनच नुसत्या मालिशीने बरे वाटले, तरी गेलेली हालचाल परत येत नाही. मात्र मेंदूच्या शाबूत भागांना गमावलेली कामे काही प्रमाणात नव्याने शिकता येतात. हे शिक्षण सरावानेच होते. मुलाने पाटीवर अक्षर पुनःपुन्हा गिरवावे, त्याप्रमाणे पेला उचलणे, खाटेवरून उठणे, पाऊल टाकणे या क्रिया रुग्णाला रोज अनेक वेळा गिरवाव्या लागतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वाधिक वेगाने होते. पुढे वेग मंदावतो, पण सुधारणेची शक्यता संपत नाही. 'सहा महिने झाले, आता काही उपयोग नाही' हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

पोलिओपासून आजपर्यंत

महाराष्ट्रात या शास्त्राच्या पायाभरणीस पोलिओच्या साथी कारणीभूत ठरल्या. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. पण भौतिकोपचाराची गरज ओसरली नाही. वाढते आयुर्मान, उच्च रक्तदाब व मधुमेह यांमुळे अर्धांगवायू आणि सांध्यांची झीज हे आज घरोघरचे प्रश्न झाले आहेत.

उद्दिष्ट कसे ठरवावे?

'बरे व्हायचे आहे' हे उद्दिष्ट नव्हे. ती इच्छा आहे. उद्दिष्ट मोजता येण्याजोगे आणि रुग्णाच्या जीवनाशी जोडलेले असावे. या महिन्यात आधाराविना खाटेवर बसणे, पुढे काठी घेऊन उंबरठा ओलांडणे, त्यानंतर देवळापर्यंत चालत जाऊन परत येणे, अशा पायऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवाव्यात. घरातील दिनदर्शिकेवर रोजच्या सरावाची नोंद ठेवल्यास प्रगती डोळ्यांना दिसते आणि उमेद टिकते.

यापुढील उद्दिष्ट आयुष्यभराचे असते. एकदा झटका आलेल्या व्यक्तीस तो पुन्हा येण्याचा धोका असतो. त्यामुळे रक्तदाबाची औषधे नियमित घेणे, तंबाखू सोडणे आणि झेपेल तितके रोज चालणे, हाही उपचाराचाच भाग होय. निरोगी प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रुग्णाने मात्र आपली मर्यादा तज्ज्ञाकडून जाणून घ्यावी.

घरी घ्यावयाची काळजी

अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. अन्यथा पाठीवर व माकडहाडावर जखमा होतात. रुग्णाला उठविताना लुळा हात धरून ओढू नये, त्याने खांद्याचा सांधा निखळू शकतो. व्यायाम करताना छातीत दुखल्यास, धाप लागल्यास किंवा चक्कर आल्यास तो तत्काळ थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. तोंड अचानक वाकडे होणे, बोलणे अडखळणे वा एका बाजूची शक्ती जाणे ही नव्या झटक्याची लक्षणे होत. अशा वेळी क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

घरच्यांचा हातभार मोलाचा असला, तरी तो तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून घरी करून घेतलेल्या पुनर्वसनामुळे सहा महिन्यांनंतरचे मृत्यू वा परावलंबन कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. यावरून कुटुंबाने प्रयत्न सोडावेत, असा अर्थ नाही. घरच्या सरावाला तज्ज्ञाची नियमित तपासणी व मार्गदर्शन यांची जोड हवी, हाच त्याचा बोध होय.

गावाची जबाबदारी

ही जोड मिळवून देण्यात गावाचा वाटा मोठा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचाराचा समावेश आहे; त्याची माहिती आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी पोहोचावी. कायमचे अपंगत्व राहिलेल्यांना दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळविण्यास ग्रामसेवक व शिक्षक साहाय्य करू शकतात. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा आहे. त्यातून काठी, चाकाची खुर्ची यांसारखी साधने नियमांनुसार देता येतील. पंचायत कार्यालयाच्या पायऱ्यांलगत उतार बांधणे आणि सार्वजनिक शौचालयात धरावयास दांडा बसविणे ही कामे फार खर्चाची नाहीत. पण चालू लागलेल्या माणसाला पुन्हा घरात कोंडून न ठेवण्याचे सामर्थ्य त्यांत आहे.

रुग्णाचा जीव वाचला, म्हणजे उपचार संपले असे नव्हे. तो आपल्या हाताने जेवू लागला, आपल्या पायांनी ग्रामसभेला येऊ लागला, म्हणजे त्या उपचारांचे सार्थक झाले.