मान, मस्तक आणि मधुमेह

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही पडलो शाळामास्तर. तेव्हा आमच्या वाट्यास एखादा धडा यावा हे ओघानेच आले. हा धडा आम्ही पुस्तकांतून जेवढा वाचला, त्याहून अधिक स्वतःच्या मानेवर गिरवला आहे. आम्हांस मधुमेह जडून नऊ वर्षे झाली, आणि मानेपासून टाळूपर्यंत सणकत जाणारी मज्जातंतूची वेदना गेली पाच वर्षे सोबतीस आहे. ही दोन दुखणी एकाच देहात नांदू लागली म्हणजे काय होते आणि त्यांच्यासह नीटनेटके कसे जगता येते, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आम्ही वैद्य नव्हे. औषध कोणते आणि किती, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

वेदनेची वाट

माणसाच्या मानेत सात मणके असतात. वरच्या दोन मणक्यांच्या मधून निघालेल्या मज्जातंतूची एक जाड शाखा मानेच्या स्नायूंतून वाट काढीत डोक्याच्या मागील बाजूस चढते आणि टाळूपर्यंत पसरते. डॉक्टर तिला ग्रेटर ऑक्सिपिटल मज्जातंतू म्हणतात. हा तंतू कोठे दाबला गेला किंवा चिडला, की मानेच्या खळग्यापासून डोक्यापर्यंत वीज चमकावी तशी कळ जाते. मग केसांतून फणी फिरवणे किंवा उशीवर डोके टेकणेही नकोसे होते.

कित्येकांस ही कळ डोळ्यामागे जाणवते आणि ते चष्म्याचा नंबर तपासत बसतात. याचे कारण असे की, मानेच्या वरच्या तंतूंचे आणि चेहऱ्याच्या तंतूचे निरोप मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच ठाण्यावर पोहोचतात. एकाच खिडकीवर दोन गावांचे टपाल आले म्हणजे जसा घोटाळा होतो, तसा मेंदूचा होतो. दुखते मानेत, पण पत्ता वाचला जातो डोळ्याचा.

आता मधुमेहाचा यात हात किती? रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली तर मज्जातंतूंस इजा होते, हे खरे. परंतु ती इजा बहुधा सर्वांत लांब तंतूंपासून, म्हणजे पायांच्या बोटांपासून सुरू होते. तळव्यांची आग आणि पायांस मुंग्या ही तिची नेहमीची खूण. म्हणून मधुमेही माणसाची मान वा डोके दुखू लागले, की "हे साखरेमुळेच" असे म्हणून मोकळे होऊ नये. मणक्यांची झीज, स्नायूंचा ताठरपणा, जुना मार, डोक्यावर उठून गेलेली नागीण, अशी निराळी कारणे असू शकतात. मधुमेह्यांत खांदा आखडण्याचे प्रमाणही इतरांपेक्षा अधिक असते, आणि आखडलेला खांदा मानेस ओढून धरतो. मानेची तपासणी मान म्हणूनच झाली पाहिजे.

आकडा आणि शब्द

इन्शुलिन माणसास प्रथम टोचले गेले ते १९२२ साली, टोरांटो येथे. त्यास शंभरावर वर्षे लोटली. आज बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबाने घरबसल्या साखर कळते, आणि एचबीए१सी या तपासणीने मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरीही समजते. साखरेस आकडा आहे. वेदनेस तसा आकडा नाही. एक्स-रे काढला तरी वेदना त्यात दिसत नाही. तिला साक्षीदार एकच, तो म्हणजे रोग्याचा शब्द. म्हणून तो शब्द नेमका हवा.

आमच्या घरी सारे काही 'दर्द'. बेळगावच्या दवाखान्यात कानडी बोलणारे डॉक्टर 'नोवु' म्हणून विचारतात. मराठीने मात्र येथे फार उदार हाताने दिले आहे. 'चमक' किंवा 'सणक' म्हणजे क्षणात येऊन जाणारी, विजेसारखी; ती बहुधा मज्जातंतूची. 'आग', 'मुंग्या' आणि 'बधिरपणा' हेही बहुधा तंतूंचेच बोलणे. 'ठणका' नाडीच्या ठोक्यासारखा पडतो. तो अर्धशिशीत असतो, तसाच पिकलेल्या गळवातही असतो. 'जडपणा' आणि 'आखडणे' स्नायूंकडे बोट दाखवतात. "डोके दुखते" एवढ्याने डॉक्टरांस फारसे कळत नाही. "मानेच्या उजव्या खळग्यातून टाळूपर्यंत चमक जाते, काही क्षण टिकते, केसांस हात लावला तरी येते," असे म्हटले, की निम्मे निदान झालेच.

एकाचे औषध, दुसऱ्याचे ओझे

या जोडदुखण्याची खरी अडचण येथे आहे. मानेतील तंतूपाशी बधिर करणाऱ्या औषधाबरोबर कधीकधी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने अनेकांस आराम पडतो. परंतु स्टेरॉइडमुळे पुढे काही दिवस साखर चढते. आम्हांस हे आधी सांगून ठेवलेले असल्याने आम्ही त्या आठवड्यात साखर वारंवार तपासली आणि घाबरलो नाही. डॉक्टर एक असोत वा दोन, दोन्ही दुखणी दोघांच्याही कानी घातलीच पाहिजेत.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांपैकी पुष्कळशा मूत्रपिंडावर भार टाकतात, आणि मधुमेहाने त्या अवयवास आधीच जपावे लागते. शिवाय महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांपायीच डोके दुखू लागते. मिश्र गोळ्यांच्या बाबतीत ही मर्यादा दहाच दिवसांची. तंतूंच्या वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या ॲमिट्रिप्टिलिन, प्रीगॅबॅलिन यांसारख्या गोळ्यांनी गुंगी येते आणि काहींचे वजनही वाढते. या गोळ्या मनाने सुरू करू नयेत आणि मनाने एकाएकी बंदही करू नयेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांच्या रक्तात बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्याच्या उणिवेने मज्जातंतू दुबळे होतात. म्हणून ते मधूनमधून तपासून घ्यावे.

उलट वाटही तशीच आहे. मान दुखते म्हणून फिरणे सुटते, झोप मोडते. त्याने साखर वाढते. साखर एकदम उतरली तरीही डोके दुखते. डोके दुखण्याबरोबर घाम, थरथर आणि छातीत धडधड असेल, तर आधी साखर पाहावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि कमीच असेल तर पुन्हा तेच करावे.

रोजची रीत

आम्ही एक शंभर पानी वही घातली आहे. एका रकान्यात साखर, दुसऱ्यात वेदना कोठे व कशी, तिसऱ्यात घेतलेली गोळी, चौथ्यात झोप आणि चालणे. महिन्याअखेर ती उघडली, की परीक्षेच्या वह्या तपासण्याच्या आठवड्यात मान हमखास बंड करते हे आपोआप दिसते. म्हणून वह्या आता उतरत्या फळीवर ठेवून तपासतो आणि दर अर्ध्या तासाने उठतो. मोबाईल मान खाली घालून पाहण्याऐवजी हात उंचावून डोळ्यांसमोर धरावा. उशी अशी असावी की मान ना वर उचलली जावी, ना खाली लोंबावी.

शेकाविषयी एक इशारा. मधुमेहाने ज्याच्या त्वचेची जाणीव मंदावली आहे, त्यास गरम पाण्याच्या पिशवीचा चटका कळत नाही. पिशवी जाड फडक्यात गुंडाळावी, आणि शेक पुरेसा सोसवतो की नाही हे घरातील दुसऱ्या माणसाने हात लावून पाहावे. दुसरा इशारा केशकर्तनालयातला. केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची जी चाल आहे, ती सोडून द्यावी. त्या झटक्याने मानेतील रक्तवाहिनीस इजा होऊन अर्धांगवायू झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

सणवार येतातच. रमजानच्या रोज्यांविषयी कुराणात आजाऱ्यास सवलत दिलेली आहे. रोजा धरावयाचाच असेल तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांशी महिनाभर आधी बोलून ठरवाव्यात. मान वाकत नसेल तर नमाज खुर्चीवर बसूनही अदा होते. आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या एकादशीसही हाच हिशेब लागू. साबुदाण्याची खिचडी उपवासाची खरी, पण ती साखर झपाट्याने चढवते. शीरखुर्मा असो की बेळगावचा कुंदा, चमचाभराने आनंद होतो, वाटीभराने वहीत आकडा लागतो.

केव्हा थांबू नये

काही खुणा दिसल्या तर वही मिटून तडक इस्पितळ गाठावे. आयुष्यात कधी झाली नाही अशी एकाएकी उठलेली तीव्र डोकेदुखी. तापाबरोबर ताठलेली मान. हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे. लघवीवरील ताबा सुटणे. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी आणि तीसोबत चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे. येथे सकाळची वाट पाहू नये.

शेवटी घरच्या मंडळींस दोन शब्द. मोडलेला पाय प्लास्टरमुळे दिसतो. मानेतली सणक दिसत नाही. रोगी जेवतो, शाळेत जातो, हसतोही, म्हणून "याला झालेय तरी काय?" असे सहज तोंडून निघते. त्याची सर्वांत मोठी शिणवट वेदनेची नसते, ती खरी आहे हे रोज पटवून देण्याची असते. साखरेचा आकडा जसा आपण वाद न घालता मान्य करतो, तसाच त्याचा शब्द मान्य करावा. ट्रस्टच्या घराघरांत असे एखादे मुकाट सोसणारे माणूस असेल. त्याच्यापाशी आज घटकाभर बसावे आणि विचारावे, "कोठे दुखते? कसे दुखते?" आणि उत्तर पुरते होईपर्यंत ऐकून घ्यावे.