म्युच्युअल फंडाची पारख

लातूरच्या बाजार-आवारांत सोयाबीन विकून आलेला शेतकरी घरीं हिशेबाची पट्टी दाखवितो, तेव्हां घरांतील जाणतें माणूस केवळ पुकारलेला भाव पाहत नाहीं. सर्व वजावट होऊन हातीं काय पडलें, तें पाहतें. परंतु तेंच माणूस म्युच्युअल फंडांत पैसे घालूं लागलें म्हणजे "गेल्या वर्षीं यानें शेंकडा चाळीस दिले" एवढ्या एका वाक्यावर समाधान मानतें, असें आमच्या पुष्कळदां पाहण्यांत येतें. नांदेड व लातूर या दोन्ही शहरीं मुलांच्या शिकवणीसाठीं, वसतिगृहासाठीं आणि पुढील वैद्यकीय अथवा इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठीं आईबाप वर्षानुवर्षें पैसा सांठवितात. तो पैसा कोठें ठेवावा हा प्रश्न घरोघरचा आहे. म्हणून फंड एकमेकांशीं कसे ताडून पाहावे व त्यांतून आपल्याजोगा कसा निवडावा, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. यांतील गणित वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या आटोक्यांतलें आहे. त्यांनीं तें घरीं समजावून द्यावें, अशी आमची अपेक्षा आहे.

पुष्कळांनीं थोडथोडा पैसा एकत्र करावयाचा, तो जाणत्या व्यवस्थापकाच्या हातीं द्यावयाचा, त्यानें अनेक कंपन्यांचे भाग, म्हणजे शेअर, किंवा सरकारचे व कंपन्यांचे कर्जरोखे विकत घ्यावयाचे, आणि जो नफा-तोटा होईल तो ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणें वांटला जावयाचा, अशी ही योजना आहे. १७७४ सालीं ॲम्स्टरडॅम येथील एका व्यापाऱ्यानें अशीच एक मंडळी काढिली होती. तिच्या डच नांवाचा अर्थ 'ऐक्यानें बळ येतें' असा होतो. बँकेच्या ठेवींत व्याजाचें वचन असतें. येथें तसें वचन कोणी देत नाहीं.

पैसा विभागण्यांतील मर्म मराठवाड्याच्या शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. तो सोयाबीनच्या ओळींमध्यें तुरीच्या ओळी घालतो. एका पिकानें दगा दिला तरी दुसरें हातीं लागण्याचा संभव राहतो. तथापि दोन्ही पिकें एकाच आभाळाखालीं असतात. ज्या अवर्षणानंतर २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तशा वर्षीं दोन्हीही सुकतात. फंडाचें असेंच आहे. पन्नास कंपन्यांत पैसा विभागला म्हणून एक कंपनी बुडाल्यानें आपण बुडत नाहीं, हें खरें. पण सगळाच बाजार कोसळला तर फंडही कोसळतो. जानेवारी २०२० मध्यें ४२,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्च रोजीं २६,००० च्या खालीं उतरला होता.

आतां तुलनेकडे वळूं. आमचे आजे-पणजे निजामी अमलांत वाढले. त्या काळीं या भागांत हाली रुपया चाले आणि शेजारच्या इंग्रजी मुलुखांत कलदार चाले. दोहोंसही रुपयाच म्हणत. पण शंभर कलदार घ्यावयास सुमारें ११६-११७ हाली रुपये मोजावे लागत. सोलापूरच्या भावाशीं आपला भाव ताडून पाहावयाचा तर आधीं हालीचे कलदार करणें भाग होतें. फंडांच्या जाहिरातींतील आंकडेही असेच निरनिराळ्या नाण्यांतले असतात, आणि ते एका नाण्यांत आणल्याशिवाय तुलना होऊंच शकत नाहीं.

पहिला घोटाळा युनिटाच्या किमतीचा. एका फंडाचें युनिट १० रुपयांस व दुसऱ्याचें ५०० रुपयांस मिळत असेल, तर पहिला स्वस्त असें पुष्कळांस वाटतें. १०,००० रुपयांत पहिल्याचीं १,००० युनिटें येतील, दुसऱ्याचीं २०. दोन्ही फंड शेंकडा १० नें वाढले, तर दोहोंकडे ११,००० रुपयेच होतील. किंमत लहान आहे एवढ्यावरून फंड नवा असावा असा तर्क फार तर करतां येईल. तो स्वस्त आहे असें म्हणतां येत नाहीं.

मात्र ही किंमत खऱ्या मालमत्तेवरून निघालेली असली पाहिजे. या बाबतींत आपल्या देशांत एक मोठा धडा मिळालेला आहे. भारतांतील पहिला फंड म्हणजे मुंबईचा युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया. १९६३ च्या कायद्यानें तो स्थापन झाला आणि १ जुलै १९६४ पासून त्याची 'युनिट स्कीम १९६४' विक्रीस आली. युनिटाची दर्शनी किंमत १० रुपये होती. १९८७ सालीं स्टेट बँकेचा फंड निघेपर्यंत या ट्रस्टास प्रतिस्पर्धीच नव्हता. पगारदार व निवृत्त माणसें या योजनेस जवळजवळ ठेवच समजत. परंतु खरेदी-विक्रीचा भाव मालमत्तेच्या बाजारमूल्यावरून न निघतां संस्था तो आपण ठरवून जाहीर करी. भाव वर्षानुवर्षें थोडथोडा चढे, आणि चढता भाव पाहून लोक निश्चिंत राहत. पोटांत काय चाललें आहे, हें त्यावरून कळण्यास मार्ग नव्हता. योजनेचा बराच पैसा शेअरांत गेला होता. शेअर उतरले, भाव मात्र उतरला नाहीं. १९९८ सालीं तूट उघडकीस आली, तेव्हां दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें भाव खऱ्या मूल्यावर आणावा असें सुचविलें. तें घडून येण्यापूर्वींच २ जुलै २००१ रोजीं युनिटांची विक्री व परतखरेदी थांबविण्यांत आली. ज्यांना त्या जून-जुलैंत मुलाची फी भरावयाची होती किंवा आजाऱ्यास इस्पितळांत न्यावयाचें होतें, त्यांच्या हातीं कागद होते, पण पैसा नव्हता. जानेवारी २००२ पासून खरें मूल्य जाहीर होऊं लागलें, तें दर्शनी १० रुपयांच्याही पुष्कळ खालीं निघालें. सरकारनें ठराविक भावाची हमी देऊन लहान धारकांस हात दिला; त्याच वर्षीं जुना कायदा रद्द झाला, आणि फेब्रुवारी २००३ मध्यें संस्थेचे दोन भाग करण्यांत आले. आज प्रत्येक फंडास आपलें निव्वळ मूल्य बाजाराच्या दर कामकाजाच्या दिवशीं जाहीर करावें लागतें. तो आंकडा घसरलेला पाहून आपणांस वाईट वाटतें. पण घसरण दिसते आहे हीच त्यांतली सोय आहे.

दुसरी गोष्ट वर्गाची. सेबीनें २०१७ सालीं फंडांचे वर्ग ठरवून दिले. बाजारमूल्यानें पहिल्या १०० कंपन्या त्या 'लार्ज कॅप', १०१ ते २५० या 'मिड कॅप' व त्यांपुढील सर्व 'स्मॉल कॅप'. लहान कंपन्यांच्या फंडाचा मोठ्या कंपन्यांच्या फंडाशीं सामना लावणें म्हणजे सातवीच्या मुलाची धांव दहावीच्या मुलाबरोबर लावण्यासारखें आहे. काळही तोच धरला पाहिजे. जानेवारी २०२० मध्यें निघालेला फंड आणि त्याच वर्षीं मार्चअखेर निघालेला फंड यांचे 'आरंभापासूनचे' आंकडे शेजारीं मांडले, तर दुसरा मोठा कर्तबगार भासेल. वास्तविक तो खड्ड्याच्या तळाशीं जन्मला, एवढेंच त्याचें कर्तृत्व असूं शकेल. म्हणून पांच-सात वर्षांचे निरनिराळे तुकडे घेऊन प्रत्येकांत तो फंड आपल्या निर्देशांकाच्या पुढें होता कीं मागें, हें पाहावें. त्या निर्देशांकांत कंपन्यांनीं वांटलेला लाभांशही धरला पाहिजे, असा नियम २०१८ पासून झाला, हें योग्यच झालें. त्यापूर्वीं फंड आपल्या बाजूस लाभांश धरी आणि निर्देशांकाच्या बाजूस सोडून देई.

सरासरीपासूनही सावध राहावें. एका वर्षीं शेंकडा ५० वाढ व दुसऱ्या वर्षीं शेंकडा ५० घट यांची सरासरी शून्य येते. पण १०० चे १५० होऊन मग ७५ उरतात.

खर्चाचा विचार आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढील वर्षाचा नफा कोणासही ठाऊक नसतो, खर्च मात्र छापलेला असतो. तो दररोज मालमत्तेंतून परस्पर वजा होतो, त्यामुळें पावती येत नाहीं व डोळ्यांत भरत नाहीं. समजा, एक लाख रुपये वीस वर्षें ठेवले. एका फंडांत खर्च जाऊन द. सा. द. शे. ११ पडले, व शेंकडा एकानें अधिक खर्चिक अशा दुसऱ्यांत १० पडले. लॉगेरिथमच्या कोष्टकानें हिशेब केला तर पहिल्याचे सुमारें ८,०६,००० रुपये होतात आणि दुसऱ्याचे सुमारें ६,७३,०००. अंतर १,३३,००० रुपयांचें, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक! १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेंत दलालीविना 'डायरेक्ट' शाखा ठेवणें फंडांस भाग झालें. 'रेग्युलर' शाखेंत एजंटाची दलाली खर्चांत धरलेली असते. एजंटास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. बाजार पडल्यावर घाबरलेल्या माणसास धीर देणारा एजंट आपली दलाली कमावतो. पण ती किती आहे हें विचारण्यांत संकोच नसावा. निर्देशांकांतील कंपन्याच त्या त्या प्रमाणांत घेऊन ठेवणारे इंडेक्स फंड खर्चास बहुधा कमी असतात, आणि ज्यास फंड तपासण्यास वेळ नाहीं त्यानें तेथूनच आरंभ करावा, असें आमचें मत आहे.

इतकें पाहून झाल्यावरही कोणता फंड उत्तम, हा प्रश्न अर्धाच राहतो; कारण तो कोणासाठीं व केव्हांसाठीं, हें ठरलेलें नसतें. मुलगी अकरावींत असून दोन वर्षांनीं फी भरावयाची असेल, तर तो पैसा शेअरांच्या फंडांत घालूंच नये. त्यास बँकेची ठेव बरी. कर्जरोख्यांचा फंड म्हणजे निर्धास्त, असेंही नाहीं. २३ एप्रिल २०२० रोजीं फ्रँकलिन टेम्पलटन या संस्थेनें आपल्या कर्जरोख्यांच्या सहा योजना आटोपत्या घेतल्या. धारकांस पैसा पुढें हप्त्याहप्त्यानें मिळाला, पण हवा तेव्हां मिळाला नाहीं. प्रत्येक योजनेवर जोखमीची सहा पायऱ्यांची तबकडी छापलेली असते, ती आधीं पाहावी. उलट मुलगा दुसरींत असेल व पैसा दहा वर्षें लागणार नसेल, तर शेअरांच्या फंडांतील चढउतार सोसतां येतात. त्यांतही एकाच वर्गाचे चार फंड घेण्यांत अर्थ नाहीं. त्याच कंपन्या चौघांतही निघतात, आणि तें चारही शेतांत सोयाबीनच पेरण्यासारखें होतें.

दरमहा हप्ता भरण्याची जी पद्धति आहे, ती नोकरदारास सोयीची. शेतकऱ्याचा पैसा मात्र दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा व संक्रांतीनंतर तुरीचा असा दोनदां येतो. त्यानें उधार-उसनवार व पुढल्या पेरणीचा खर्च आधीं बाजूस काढावा; उरलेली रक्कम अल्पमुदतीच्या रोख्यांच्या लिक्विड फंडांत ठेवून तेथून दरमहा थोडी थोडी शेअरांच्या फंडांत वळवितां येते. कर्ज डोक्यावर असेल, तर तें फेडणें हीच पहिली गुंतवणूक.

विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण देतों. 'अ' फंडांत तीन वर्षांत अनुक्रमें शेंकडा ३० वाढ, २० घट व १० वाढ झाली. 'ब' फंडांत दरवर्षीं शेंकडा ६ वाढ झाली. दोहोंची सरासरी काढा. नंतर प्रत्येकांत घातलेल्या १०,००० रुपयांचे तीन वर्षांअखेर किती झाले, तें काढा, आणि दोन्ही उत्तरें घरीं वडील मंडळींस दाखवा.