पोटातले विषाणू आणि सुजलेले सांधे

पुण्याच्या कर्वेनगर, वारजे, कोथरूड भागातून येणारे आमवाताचे रुग्ण अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. "आतड्यातल्या विषाणूंमुळे सांधे सुजतात असं वाचलं. मग आधी पोटावरच उपचार केले, तर या रोजच्या गोळ्या सुटतील का?" वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्याच्या मनात ही आशा येणारच. तिला आधी सरळ उत्तर देतो. आतडे आणि सांधे यांचे नाते खरे आहे. त्यात विषाणूंचाही वाटा असू शकतो, असे दाखवणारे पहिले पुरावे हाती आले आहेत. पण आज तुमचा उपचार बदलावा, इतके ते पक्के नाहीत. पोट ठीक होण्याची वाट पाहत औषध लांबवले, तर तेवढ्या महिन्यांत सांध्याचे जे नुकसान होते ते पुढे भरून येत नाही.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, हा वयोमानाने होणाऱ्या गुडघेदुखीपेक्षा वेगळा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरालाच परके समजून त्यावर हल्ला करते. अस्तर सुजते आणि हळूहळू कूर्चा व हाड पोखरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन-तीन पटींनी जास्त होतो. तो दुर्मीळही नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. त्या पाहणीत साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात आढळला.

या आजाराची एक गोष्ट संशोधकांना फार महत्त्वाची वाटते. सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून काहींच्या रक्तात अँटी-सीसीपी नावाची प्रतिपिंडे सापडतात. म्हणजे बिघाडाची सुरुवात सांध्याबाहेर कुठेतरी होत असावी. हिरड्या, फुप्फुसे आणि आतडे या तीन जागांवर आज संशय आहे.

आतड्यातले विषाणू कोणते?

विषाणू म्हटले की जुलाब, कावीळ, सर्दी आठवते. पण निरोगी माणसाच्या आतड्यात राहणारे बहुतेक विषाणू आपल्या पेशींना शिवतही नाहीत. ते जिवाणूंवर जगतात. त्यांना बॅक्टेरियोफाज किंवा नुसते फाज म्हणतात. विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये ते कोट्यवधींनी असतात. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात, हे अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये नोंदवले होते. पण प्रत्यक्ष फाजचा शोध १९१५ मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये फेलिक्स द'हेरेल यांनी लावला. द'हेरेल पुढे १९२७ मध्ये भारतात येऊन कॉलऱ्यावर फाजचा उपाय करून पाहत होते.

फाज दोन प्रकारे वागतात. काही जिवाणूत शिरून स्वतःच्या प्रती काढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. काही मात्र जिवाणूच्या जनुकांत गुपचूप मुक्काम करतात आणि त्याला नवे गुण देतात. त्यामुळे आतड्यात कोणते जिवाणू वाढतील, कोणते मागे पडतील आणि ते कोणते पदार्थ तयार करतील, यावर फाजचा हात असतो. प्रतिकारयंत्रणेचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीत असतो आणि तो या जिवाणूंशी रात्रंदिवस व्यवहार करत असतो. म्हणून फाजमध्ये झालेला बदल अखेर सांध्यापर्यंत पोहोचू शकेल, असा तर्क आहे.

पुरावा कुठवर आला?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये, आमवात अजून झालेला नाही पण होण्याची जोखीम आहे, अशा लोकांच्या विष्ठेतले फाज तपासले. रक्तात अँटी-सीसीपी असलेल्यांच्या आतड्यातला फाजचा समूह इतरांपेक्षा वेगळा निघाला. २०२२ मध्ये तिथल्याच गटाने आणखी एक दुवा दिला. जोखमीतल्या लोकांची प्रतिपिंडे आतड्यातल्या कोणत्या जिवाणूंना चिकटतात हे त्यांनी शोधले. त्यातून सब्डोलिग्रॅन्युलम नावाच्या जिवाणूचा एक वाण वेगळा काढून उंदरांना दिला, तेव्हा त्यांचे पंजे सुजले.

हे काम मोलाचे आहे. पण फाज बदलले म्हणून आजाराची वाट मोकळी झाली, की प्रतिकारयंत्रणा आधीच बिघडली म्हणून जिवाणू आणि त्यांच्यामागे फाज बदलले, हे अशा पाहणीतून ठरत नाही. उंदराचा पंजा आणि माणसाचे मनगट यांतही अंतर आहे.

आपल्यासाठी आणखी एक सावधगिरी आहे. नव्याने आमवात झालेल्या अमेरिकी रुग्णांत प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू जास्त आढळतो, असे न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. पण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवले की निरोगी भारतीयांच्या आतड्यातही प्रिव्होटेला कुळाचे जिवाणू मुबलक असतात. त्यामुळे तिकडच्या मोजपट्टीने इकडच्या माणसाला आजारी ठरवता येणार नाही.

पोटातून सुरू होणारे आजार आपण पाहिले आहेत

आतड्यातल्या संसर्गानंतर प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटते, हे आपण २०२५च्या जानेवारीत राजाराम पुलापलीकडेच अनुभवले. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. काहींच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, काहींच्या नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टरच्या वेष्टणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. जिवाणूविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंवरच तुटून पडतात.

सांध्यांच्या बाबतीतही असा एक सिद्ध झालेला आजार आहे, प्रतिक्रियात्मक संधिवात. कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला, शिगेला यांचे जुलाब बरे झाल्यावर एक ते चार आठवड्यांत गुडघा किंवा घोटा सुजतो, टाच दुखते, कधी डोळे लाल होतात, लघवीला जळजळ होते. म्हणून सांधा सुजल्यावर महिनाभरापूर्वीच्या जुलाबांचाही उल्लेख डॉक्टरांकडे जरूर करा. आणि जुलाबांनंतर पायांतली ताकद जाऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

सांध्यांना थेट त्रास देणारा आपल्याकडचा ठळक विषाणू आतड्यातून येत नाही, डासातून येतो. तो म्हणजे चिकनगुनिया. १९७३ मध्ये बार्शीत, २००६ मध्ये राज्यभर आणि २०२४ मध्ये पुण्यात त्याने लोकांना जेरीस आणले. त्यातली सांधेदुखी महिनोन्महिने टिकते आणि हुबेहूब आमवातासारखी दिसू शकते. त्यामुळे तापानंतरच्या दुखण्यावर पहिल्याच आठवड्यात आमवाताचा शिक्का मारून घेऊ नका.

मग करायचे काय?

सकाळी उठल्यावर बोटे, मनगटे अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ आखडलेली राहतात, अंगठी किंवा बांगडी घट्ट होते, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजतात आणि हे काही आठवडे चालू आहे, असे असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या उपयोगी आहेत. मात्र आरए फॅक्टर उतारवयात आणि इतर आजारांतही वाढतो. नुसत्या त्या कागदावरून निदान होत नाही, आणि तो निगेटिव्ह आला म्हणून आमवात नाहीच असेही नाही.

विष्ठेतील जिवाणू-विषाणूंची महागडी तपासणी करून घेऊ नका. तिच्या अहवालावरून आमवाताचे निदान होत नाही आणि औषधही ठरत नाही. "आतडे साफ करण्यासाठी" दुकानातून अँटिबायोटिक आणून घेणे तर घातकच आहे.

चालू औषधे स्वतःहून थांबवू नका. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. वार ठरवून तो पाकिटावर लिहा, कारण चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतते. सोबत फॉलिक अॅसिड आणि सांगितलेल्या वेळी रक्ताच्या तपासण्या हव्यातच. दारू टाळा. बाळाचा विचार असेल तर आधीच सांगा, कारण हे औषध वेळेत बदलावे लागते. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल, तर त्या आठवड्याचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. अंगातले पाणी कमी झाले असताना वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाला इजा करतात. स्टेरॉइड चालू असेल तर ते मात्र एकदम बंद करू नका. आणि नाव-गाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या घेऊ नका. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच मिसळलेले असते.

आतड्याचा आणि या उपचारांचा एक जुना संबंधही सांगतो. सल्फासॅलाझिन हे औषध स्वीडनच्या डॉ. नन्ना स्वार्ट्झ यांच्या पुढाकाराने १९३०च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले. त्या काळी आमवात हा संसर्गच असावा असे मानले जाई. मोठ्या आतड्यातले जिवाणू हे औषध फोडतात, तेव्हा त्याचे घटक मोकळे होतात. म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या मदतीने चालणारे औषध आम्ही डॉक्टर आजही रोज लिहून देतो.

खाण्यात ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, कोशिंबीर, ताजे ताक असू द्या. त्याने आमवात बरा होतो असा दावा मी करणार नाही, पण आतड्यातल्या जिवाणूंना आणि हृदयाला ते मानवते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी पाणी उकळून प्यावे, विशेषतः पावसाळ्यात आणि टँकरचे किंवा विहिरीचे पाणी असेल तेव्हा. मोड आलेली कडधान्ये कच्ची न खाता शिजवून खावीत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींविषयी डॉक्टरांशी बोला. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

शेवटी, रुग्णांच्या बहिणी, भाऊ आणि मुलांसाठी. तुमची जोखीम इतरांपेक्षा थोडी जास्त आहे, पण म्हणून आजार होणारच असे मुळीच नाही. धूम्रपान आमवाताची शक्यता वाढवते, हे पक्के ठाऊक आहे. तेव्हा विडी-सिगारेट सोडा. मिश्रीही सोडा, कारण ती हिरड्या खराब करते आणि हिरड्यांचा आजार व आमवात यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. वर्षातून एकदा दंतवैद्यांकडे जा. आणि एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने नैतिकता समितीच्या परवानगीने, तुमच्या लेखी संमतीने आणि एक पैसाही न घेता अभ्यासासाठी नमुना मागितला, तर शक्य असल्यास द्या. आपल्या आतड्यातल्या विषाणूंचा आपल्या सांध्यांशी काय संबंध आहे, हे आपल्याच लोकांच्या नमुन्यांतून कळेल. ते कळेपर्यंत सूज दिसताच लवकर दाखवणे आणि औषध न चुकवणे हेच सांधे वाचवण्याचे सर्वात खात्रीचे उपाय आहेत.