नोंदवहीतील प्रश्नचिन्हे : संगणक-आज्ञावलीतील दोष कसे शोधावेत?

शाळेच्या दप्तरात दाखल-खारीज नोंदवहीइतका जपून ठेवावा असा दस्तऐवज दुसरा नसतो. आपल्या समाजाला त्याचे मोल विशेष ठाऊक आहे. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, आणि कित्येक कुटुंबांत तो पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेतील एका ओळीची नोंद असते. १९९० च्या घटनादुरुस्ती आदेशाच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. त्यानंतर तर नाव, आडनाव, धर्म, जात आणि जन्मतारीख या रकान्यांतील एकेका अक्षरासाठी पालकांना तालुक्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील.

ही नोंदवही आता संगणकात उतरत आहे. शाळेचे माजी विद्यार्थी संगणकशास्त्र शिकून भंडारा, तुमसर, साकोली, पवनीकडील शाळा, वसतिगृहे व पतसंस्था यांच्यासाठी लहान-लहान आज्ञावली तयार करतात. टेबलावरच्या एका संगणकात बसवलेली, इंटरनेटवाचून चालणारी अशी ही डेस्कटॉप आज्ञावली असते. कोणी ती व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहितो, कोणी सी-शार्पमध्ये. तिच्यात वारंवार उद्भवणाऱ्या दोषांचा येथे विचार करावयाचा आहे. ज्यांनी आयुष्यात आज्ञावलीची एकही ओळ लिहिली नाही अशा पालकांनीही हा लेख वाचावा, कारण नोंद त्यांच्या मुलांची आहे.

दोष दिसला की नवशिका प्रोग्रामर तर्क लढवू लागतो आणि दिसेल ती ओळ बदलू लागतो. तथागतांनी सांगितलेला क्रम येथे अगदी व्यावहारिक अर्थाने उपयोगी पडतो : दुःख आहे हे आधी नीट पाहावे, मग त्याचा समुदय शोधावा, उपायाचा विचार त्यानंतर करावा. आमच्या मते असल्या आज्ञावलींतील बहुतेक दोष गणितात नसतात; माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या सीमेवर ते असतात. कळफलकावरून चौकटीत, चौकटीतून आज्ञावलीत, तेथून माहितीसाठ्यात, साठ्यातून छपाईयंत्राकडे असा एका नावाचा प्रवास असतो. या वाटेवर मधोमध थांबून पाहावे. आज्ञावली विशिष्ट ओळीवर थांबवण्याच्या सोयीला ब्रेकपॉइंट म्हणतात. तेथे नाव शाबूत असेल तर दोष पुढच्या निम्म्या वाटेत आहे, बिघडलेले असेल तर मागच्या. अशी वाट निम्मी-निम्मी करीत गेल्यास चार-पाच थांब्यांत दोषाची जागा सापडते.

सर्वांत परिचित उदाहरण प्रश्नचिन्हांचे. ‘मेश्राम’ असे टंकित केले, नोंद जतन केली, पुन्हा उघडली तर ‘???????’. ही चिन्हे मोजावीत. ती सात भरतात. डोळ्यांना मे, श्रा, म अशी तीन अक्षरे दिसत असली तरी संगणकाच्या लेखी म, एकाराची मात्रा, श, हलन्त, र, काना, म असे सात घटक आहेत. प्रत्येक घटकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह आले, याचा अर्थ आज्ञावलीला संपूर्ण नाव मिळाले होते. ते पुढे सोपवताना घेणाऱ्याला देवनागरी ठाऊक नव्हती. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना ‘व्हारकॅर’ प्रकारचा ठेवला तर असे घडते. तो ‘एनव्हारकॅर’ हवा. रकाना बदलूनही प्रश्नचिन्हे येत राहिली तर आज्ञेतील अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे अक्षर राहिले आहे असे समजावे. आज्ञेच्या वाक्यात नाव चिकटवण्याऐवजी ते पॅरामीटर म्हणून दिले तर ही कटकटच उरत नाही. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ ची गोष्ट निराळी आहे. त्या भाषेच्या पोटात युनिकोड आहे, परंतु तिच्या मूळ चौकटी जुन्या संकेतप्रणालीवर चालतात आणि त्या प्रणालीत देवनागरीला जागाच नाही. तेथे मलमपट्टी करीत बसण्यापेक्षा आज्ञावली नव्या भाषेत लिहिणे स्वस्त पडते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. साठ्यात गेलेले प्रश्नचिन्ह हे झाकलेले अक्षर नसते. मूळ अक्षर तेथे नष्ट झालेले असते. कोणताही फाँट लावून ते परत येत नाही. कागदी नोंदवही काढून नाव पुन्हा लिहावे लागते. म्हणून ‘संगणकात आले, आता जुनी वही कशाला’ असे म्हणणाऱ्याच्या हाती कपाटाची किल्ली देऊ नये. (ॲक्सेसमध्ये अशा नोंदी शोधताना प्रश्नचिन्ह चौकटी कंसात लिहावे; नुसत्या प्रश्नचिन्हाचा अर्थ तेथे ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो आणि शोध भलताच निकाल देतो.)

याच्या उलट प्रकार सीएसव्ही फाइलचा. ती एक्सेलमध्ये उघडताच नावांच्या जागी परकीय चिन्हांची रांग दिसते आणि कारकून घाबरतो. येथे काहीही नष्ट झालेले नसते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांत साठवला जातो आणि एक्सेलने त्या तिन्हींना स्वतंत्र चिन्हे मानलेले असते. फाइल न जतन करता बंद करावी आणि ‘डेटा’मधून आयात करताना यूटीएफ-८ निवडावे.

जुन्या फाँटांचा वारसा हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, त्याच वर्षी भारतीय लिपींसाठी इस्की हे भारतीय मानकही प्रसिद्ध झाले. विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. तोवर, आणि नंतरही बरीच वर्षे, आपल्याकडील दाखले व स्मरणिका अशा फाँटांत टंकित झाल्या ज्यांत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवले जातात आणि त्यांच्यावर मराठीचे केवळ चित्र चढवलेले असते. फाँट नसलेल्या संगणकावर त्या मजकुराचा अर्थ लागत नाही. पवनीच्या स्तूपाच्या शिळांवरील ब्राह्मी लेख दोन हजार वर्षांनंतर वाचता येतात आणि पंचवीस वर्षांपूर्वीची आपलीच विद्यार्थियादी वाचता येत नाही, हे विचित्र खरे. असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना संकेत जुळवणारा तक्ता लागतो; परंतु तक्त्याने काम संपत नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाआधी टंकित केलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. ‘भिक्खू’, ‘विहार’ या शब्दांत म्हणूनच घोटाळा होतो. रफाराचे नेमके उलट : ‘कर्म’ शब्दात जुना फाँट रफार ‘म’च्या नंतर ठेवतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त ‘म’च्या आधी येतात. रूपांतर झाल्यावर वेलांटी व रफार असलेली नावे तरी डोळ्यांखालून घालावीत.

आता ज्या दोषाने चांगले प्रोग्रामरही चकतात तो पाहू. ‘वऱ्हाडे’ आडनावाची मुलगी यादीत डोळ्यांना दिसते, पण शोधचौकटीत नाव घातले की ‘नोंद आढळली नाही’. हा अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो : एक म्हणजे युनिकोडमधील स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाला मात्र ते भिन्न शब्द वाटतात. ‘ॲ’चेही तसेच. २००८ पासून त्याला स्वतःचा संकेत आहे, तरी काही कळफलकांवर अ आणि चंद्र असे दोन घटक उमटतात. युनिकोडची प्रमाणित रूपात आणण्याची तयार सोय या दोन्ही जोड्या एकत्र आणत नाही, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण पुष्कळ जण तिच्यावर विसंबून राहतात. नाव साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी आपणच एक लहानसे कार्य लिहून दोन्ही रूपांचे एक रूप करावे.

अंकांचीही अशीच फसवणूक आहे. वयाच्या चौकटीत ‘१२’ मराठीत लिहिले, तर सी-शार्पमधील ‘हा अंक आहे काय?’ या तपासणीचे उत्तर ‘होय’ येते. लगेच पुढच्या ओळीत त्याची संख्या करू गेल्यास आज्ञावली अडखळते, कारण रूपांतराला केवळ इंग्रजी अंक चालतात. व्हिज्युअल बेसिकचे ‘व्हॅल’ तर मुकाट्याने शून्य देते. अडखळणारी आज्ञावली परवडली. शून्य वयाचा विद्यार्थी सहावीत बसलेला कोणाच्या लक्षात येणार?

अशा मुक्या दोषांत तारखेचा दोष सर्वांत घातक. नव्या संगणकात विंडोज पुष्कळदा अमेरिकी मांडणीवर असते, म्हणजे आधी महिना, मग दिवस. आपण ०४/०३/२०१२ लिहितो तेव्हा ४ मार्च अभिप्रेत असते. संगणक ३ एप्रिल समजतो. २५/०३/२०१२ मात्र बरोबर साठते, कारण पंचविसावा महिना नसल्याने व्हिज्युअल बेसिकचे जुने रूपांतर स्वतःच क्रम उलटवून घेते. परिणाम असा की यादी चाळणाऱ्याला निम्म्याहून अधिक तारखा बरोबर दिसतात आणि तो निर्धास्त होतो. हिशेब करून पाहावा : प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस संदिग्ध, म्हणजे वर्षाचे १४४, त्यांतून ५ मे, ६ जून असे दिवस-महिना सारखे असलेले बारा वजा केल्यास १३२ जन्मदिवस चुकतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत तर गुरुजींनी कितीतरी मुलांचा जन्म जून-जुलैच्या एक तारखेला घडवून आणला आहे. ते सर्व या आज्ञावलीत जानेवारीच्या सहा-सात तारखेला पुनर्जन्म घेतील!

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अशी तारीख छापली गेली, की दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यांची सांगड तुटते आणि दुरुस्तीसाठी पालकाची मजुरी बुडते. यावर उपाय तीन. तारीख मजकूर म्हणून न साठवता तारीख-प्रकारच्या रकान्यात ठेवावी. चौकटीतील मजकूर वाचताना ‘दिवस, महिना, चार अंकी वर्ष’ ही मांडणी आज्ञावलीत स्पष्ट लिहावी, संगणकाच्या मर्जीवर सोडू नये. आणि दाखल्यावर महिना अक्षरी छापावा. वर्ष चार अंकी हवे, कारण अनेक संगणकांत ००ते २९ ही वर्षे एकविसाव्या शतकातील धरली जातात. १९२८ साली जन्मलेले आजोबा ‘२८’ लिहिल्याने २०२८ मध्ये जन्मतील.

‘ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट’ हा निरोप न पाहिलेला सी-शार्पचा विद्यार्थी विरळा. अर्थ साधा आहे : जेथे वस्तू असेल असे आज्ञावलीने गृहीत धरले तेथे काहीच नाही. निवासी शाळेत हे गृहीतक बहुधा वडिलांच्या नावाचे असते. काही मुलांना वडील नसतात, काहींच्या नावापुढे आईचेच नाव असते. रिकाम्या रकान्यावर आज्ञावली कोसळते तेव्हा प्रोग्रामर घाईने तेथे ‘निरंक’ किंवा टिंब भरून मोकळा होतो आणि ते टिंब दाखल्यावर छापले जाते. रकाना रिकामा असू शकतो हे रचनेतच मान्य करावे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. तीनच चौकटी असलेल्या आज्ञावली त्या मुलांच्या प्रवेशापूर्वी बदलाव्या लागतील.

‘माझ्या संगणकावर चालते’ ही तक्रार थोडक्यात आटोपू. फाइलचा पत्ता ‘डी ड्राइव्ह’ असा पक्का लिहिलेला असणे आणि जुना ‘जेट’ चालक चौसष्ट-बिट आज्ञावलीत न चालणे, ही दोन कारणे आधी तपासावीत. तिसरे कारण चमत्कारिक आहे. व्हिस्टापासून विंडोज ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू देत नाही, जुन्या बत्तीस-बिट आज्ञावलीला नकार न देता तिचे लेखन प्रत्येक वापरकर्त्याच्या खाजगी ‘व्हर्च्युअल-स्टोअर’मध्ये वळवते. लिपिकाने भरलेले प्रवेश मुख्याध्यापकांच्या लॉगिनमध्ये दिसत नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असतात. माहितीसाठा सामाईक, लिहिण्याची मुभा असलेल्या फोल्डरमध्ये ठेवला की हा वाद मिटतो.

‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, म्हणजे दोष आला तरी पुढे चल, ही ओळ मात्र शाळेच्या नोंदवहीत कोठेही नसावी. सी-शार्पमधील रिकामा ‘कॅच’ हा तिचाच भाऊ. वर सांगितलेला प्रत्येक दोष या ओळीने अदृश्य होतो, बरा होत नाही. दोष पकडावा, तारीख-वेळेसह एका फाइलीत लिहावा आणि लिपिकाला मराठीत सांगावे की नोंद जतन झालेली नाही.

नवी आज्ञावली शाळेने स्वीकारण्यापूर्वी एक तास काढावा. ‘वऱ्हाडे’ दोन्ही रीतींनी टंकित करून एकीने दुसरी शोधावी. ‘खोब्रागडे’ आणि ‘मेश्राम’ जतन करून, संगणक बंद करून पुन्हा उघडावेत. ४ मार्च आणि २५ मार्च अशा दोन जन्मतारखा भराव्यात, दाखला छापून हातात घ्यावा. एका नोंदीत वडिलांचे नाव रिकामे सोडावे, एकीत वय मराठी अंकांत लिहावे. दुसऱ्या लॉगिनने तीच यादी पाहावी. शेवटी जतन करण्याच्या ऐन क्षणी भिंतीवरचे बटण बंद करावे, वीज आल्यावर अर्धवट नोंद उरली आहे काय ते तपासावे, आणि हे सर्व लिपिकाच्या हातून करवून घ्यावे. प्रोग्रामरने शेजारी बसून फक्त पाहावे.