मुका एस

गावाचं नाव इंग्रजीत लिहिताना मध्ये एस येतो आणि म्हणताना तो गिळायचा असतो. क्वेनेल. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, व्हँकुव्हरपासून साडेसहाशे किलोमीटरवर, फ्रेझर नदीकाठचं लाकडावर जगणारं गाव. १९७४ च्या जानेवारीत बसच्या ड्रायव्हरला मी तो एस ठणठणीत म्हणून दाखवला आणि अख्खी बस हसली. मी बल्लारशाहचा. वडील सागवानाच्या डेपोत मुकादम होते, ओंडक्यांवर हातोडीचे शिक्के आणि नंबर घालण्यात त्यांचा जन्म गेला. पस्तीस वर्षं सॉ मिलमध्ये काढून मी जे शिकलो, त्यावरही तसेच नंबर घालतो.

१. जोर लावणारा आठवड्यात घरी जातो.
नव्या माणसाला ग्रीन चेनवर उभं करत. ग्रीन म्हणजे हिरवं नाही, ओलं. नुकत्या कापलेल्या फळ्या चालत्या साखळीवरून येतात. त्या ओढायच्या आणि जाडी-लांबी पाहून आपापल्या थप्पीला लावायच्या. आठ तास साखळी थांबत नाही. उणे तीस अंशांत गोठलेली फळी फळीवर पडली की काच आपटल्यासारखा आवाज येई. चौथ्या दिवशी माझी बोटं मिटेनात. बी.एस्सी.चं सर्टिफिकेट बॅगेत होतं, त्याचा पंखा करून वारा घ्यावा एवढाच उपयोग, आणि वाऱ्याची तर तिथे कमतरता नव्हती. शेजारी होशियारपूरकडचे एक सरदारजी होते, मी त्यांना भाजी, म्हणजे पंजाबीत थोरला भाऊ, म्हणायचो. ते म्हणाले, उचलतोस कशाला? टोक धर, रोलरवर तोल साध, बाकीचं ती स्वतःच करते. पुढची दोन वर्षं त्या एका वाक्यावर निघाली.

२. दोन बाय चार म्हणजे दोन बाय चार नव्हे.
वाळवून, रंधून बाहेर पडते तेव्हा ती फळी दीड बाय साडेतीन इंच असते. नाव मात्र जुनंच. हे वडिलांना पत्रात कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं, ‘तिकडे चोरी कायदेशीर आहे काय?’

३. जिथे ऐकू येत नाही तिथे गप्पा जास्त होतात.
करवतीच्या आवाजात शेजारच्याची किंकाळीही ऐकू येत नाही. म्हणून मिलमध्ये हातांची भाषा होती. तिचा उगम कामातला. करवत चालवणारा बोटांनी जाडीचे आकडे दाखवी आणि जोडीदार त्याप्रमाणे ओंडका पुढे सरकवी. पण माणूस आकड्यांवर थांबतो थोडाच? हॉकी, पगार, कुणाची बायको माहेरी गेली, सगळं हातांनी चाले. १९७५ मध्ये दोन अभ्यासकांनी ब्रिटिश कोलंबियातल्या सॉ मिल कामगारांच्या या खुणांवर निबंधच छापला. आम्ही मात्र तिला भाषा वगैरे म्हणत नव्हतो. प्रत्येकाला खुणेचं नाव होतं. पोटावरून हात फिरवला की फोरमन आला समजायचं. मला सगळे ‘बॉम्बे’ म्हणत (मुंबई मी विमानाला जाताना एकदाच पाहिली होती), पण खुणेत मी म्हणजे नाकावरचा चष्मा. एका म्हाताऱ्या जर्मनाचं मधलं बोट करवतीत गेलेलं. तो तीन बोटं दाखवी तेव्हा चार समजायचं, नवख्यांची पुरती भंबेरी उडे. इंग्रजीत मी अडखळायचो, पंजाबी अर्धीमुर्धी यायची. त्या गोंगाटात मात्र मी कुणापेक्षा कमी बोलका नव्हतो.

४. कुलूप आपलं, किल्ली आपल्या खिशात.
अडकलेली फळी काढायला यंत्रात हात घालायचा तर आधी वीज बंद करून स्विचवर स्वतःचं कुलूप लावायचं. पाच जण असतील तर पाच कुलपं. ‘मी बंद केलंय’ म्हणणारा सख्खा भाऊ असला तरी आपलं कुलूप लावायचंच. मी एकदा आळस केला. डाव्या करंगळीचं पेर नाही, ते त्या दिवशीचं.

५. आपण पहिले नाही.
मला वाटायचं, मी कुठल्या कुठे येऊन पडलोय. भाजींनी एका रविवारी गुरुद्वाऱ्यात लंगर झाल्यावर सांगितलं. त्यांचे आजोबा १९०६ मध्ये आले. पुढच्याच वर्षी ४ सप्टेंबरला सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्यांच्या जमावाने सॉ मिलमधल्या पंजाब्यांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. १९०८ मध्ये कॅनडाने नियम काढला, मायदेशातून न थांबता थेट आलात तरच प्रवेश. तशी थेट सोय भारतातून नव्हतीच. तरी मेयो सिंगांनी १९१७ मध्ये व्हँकुव्हर बेटावर मिल काढली आणि तिथे वसलेल्या गावाला पुढे त्यांच्या पंजाबातल्या गावाचं, पालदीचं, नाव मिळालं. मताचा हक्क १९४७ मध्ये आला. एकाच कामाला गोऱ्याला जास्त आणि आपल्याला कमी पगार, हे मोडायला युनियन लागली. दर्शनसिंग संघा नावाचा तरुण कामगारांना पंजाबीतून समजावत हिंडला होता. माझ्या पहिल्या पाकिटात शेजारच्या गोऱ्याइतकेच डॉलर होते. त्याचं श्रेय मी तोवर माझ्या डिग्रीला देत होतो.

६. रात्रपाळीचा बाप मुलांना झोपलेलाच आठवतो. यावर जास्त लिहीत नाही.

७. जंगलालाही थंडी लागते.
पाइनच्या सालीखाली तांदळाएवढा किडा असतो. कडाक्याच्या थंडीत त्याच्या अळ्या मरतात, पण हिवाळे सौम्य होत गेले आणि तो माजला. डोंगर आधी लाल झाले, मग राखाडी. किड्याबरोबर बुरशी येते, तिने लाकडात निळी झाक उतरते. आमच्याकडे ते ‘डेनिम पाइन’ म्हणून विकलं गेलं, व्यापारी माणसाला दाद द्यावी. पण मेलेलं लाकूड कोरडं असतं, त्याचा भुसा पिठासारखा बारीक उडतो आणि ठिणगी मिळाली की बारुदासारखा पेटतो. मी २००९ मध्ये निवृत्त झालो. २०१२ च्या जानेवारीत बर्न्स लेकला आणि एप्रिलमध्ये आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरवरच्या प्रिन्स जॉर्जला मिलमध्ये स्फोट झाले. दोन्हीकडे दोन-दोन माणसं गेली. ज्या भुशात आम्ही डबा उघडून जेवायचो, तोच हा.

८. कान हप्त्याहप्त्याने जातात.
सुरुवातीला कानात बोळे घालणं बायकी वाटायचं. आधी पक्षी गेले, मग फोनवरचा धाकट्या भावाचा आवाज. बल्लारशाहहून तो ओरडतो, ‘का जी, ऐकू येते का?’ आणि मी अंदाजाने हो म्हणतो. एकदा त्याने घर विकायचं विचारलं, त्यालाही मी हो म्हणालो होतो. बायकोने फोन हिसकावून घेतला म्हणून वाचलं.

भाजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. मंगळवारी आम्ही कॉफीला भेटतो. दोघांचीही कानातली यंत्रं खिशात असतात, कारण दुकानातल्या गलक्यात ती नुसती शिट्टी मारतात. समोरासमोर बसून तासभर हात चालतात. गेल्या मंगळवारी मी त्यांना डॉक्टरांनी मना केलेला तिसरा डोनट कसा लपवून खाल्ला ते खुणेने सांगत होतो. भाजींची नजर माझ्या मागे दाराकडे गेली, आणि त्यांनी गंभीर चेहऱ्याने पोटावरून हात फिरवला. बायको आत येत होती.